चार मित्र, चौदा दिवस, पाच मुक्काम: युरोप ट्रिपचा मार्ग नेमका आखायचा कसा?

ग्रुपवर ‘यंदा युरोप फिक्स’ असा मेसेज पडला की तासाभरात शहरांची यादी तयार होते. एकाला पॅरिस हवं असतं, दुसरीला स्वित्झर्लंड, कुणाला अ‍ॅमस्टरडॅम, कुणाला रोम. आणि ‘एवढं जातोच आहोत तर प्राग आणि बार्सिलोनापण करून टाकू’ म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. यादी नऊ शहरांवर जाते. ऑफिसची रजा मात्र दहाच दिवसांची असते.

पुढे हॉटेलचे रिव्ह्यू, रेल्वे पास, स्वस्त विमानं यावर रात्री जागवल्या जातात. पण ट्रिपचा वेळ आणि पैसा वाचणार की वाया जाणार, हे त्याच्या आधीच ठरलेलं असतं: शहरं कोणत्या क्रमाने घेतली आणि किती घेतली यावर. व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा हेसुद्धा त्यावरूनच ठरतं. म्हणून आधी रजा, मग मार्ग, मग व्हिसा आणि सगळ्यात शेवटी तिकिटं असा क्रम धरा.

दहा दिवसांच्या रजेत चौदा दिवस

शुक्रवारी रात्री मुंबईहून निघालात तर शनिवारी युरोपात पोहोचता. दोन आठवड्यांनी शुक्रवारी तिथून निघालात तर शनिवारी घरी, आणि रविवारी झोप काढून सोमवारी ऑफिस. म्हणजे रजा दहा कामाचे दिवस आणि युरोपात मुक्काम तेरा रात्रींचा.

या तेरा रात्रींत किती शहरं बसतात? भागाकार करून दोन-दोन रात्री वाटायच्या आणि सहा शहरं करायची, असं वाटू शकतं. पण शहर बदलायचा दिवस म्हणजे सकाळी सामान बांधणं, दहा-अकराला चेक-आउट, स्टेशन, प्रवास, नवीन हॉटेल शोधणं आणि तीनच्या सुमारास चेक-इन. प्रवास दोन तासांचा असला तरी अर्धा दिवस गेलाच. सहा शहरं घेतली तर पाच वेळा अर्धा-अर्धा दिवस, म्हणजे अडीच दिवस निव्वळ बॅगा ओढण्यात. तेरा रात्रींना चार शहरं आरामात होतात, पाच ताणून होतात. सहावं जोडलंत तर प्रत्येक ठिकाणी फोटो मिळेल, शहर काही मिळणार नाही.

नकाशावर रेघ ओढून बघा

यादीतली शहरं नकाशावर टिंबांनी दाखवा आणि हात न उचलता एका दिशेने जोडता येतात का बघा. पॅरिस, मग रोम, मग अ‍ॅमस्टरडॅम, मग प्राग असा क्रम कागदावर निरागस दिसतो. पण पॅरिस ते रोम सरळ रेषेत अकराशे किलोमीटर आहे आणि तिथून अ‍ॅमस्टरडॅमला जायचं म्हणजे जवळपास तेवढंच पुन्हा उलटं. पुण्याहून नागपूर, मग कोल्हापूर, मग परत अमरावती असा दौरा कुणी आखला तर आपण त्याला वेड्यात काढू. युरोपच्या बाबतीत हे चटकन लक्षात येत नाही, कारण विमानाचं भाडं स्वस्त दिसतं.

दोन तासांच्या त्या विमानाला खरे किती तास लागतात, हे एकदा मोजा. हॉटेल ते विमानतळ एक तास, दोन तास आधी पोहोचणं, दोन तास उड्डाण, बॅगेची वाट आणि परत शहरात यायला एक-दीड तास. झाले साडेसहा तास. शिवाय स्वस्त विमानं अनेकदा लांबच्या विमानतळावर उतरतात. ‘पॅरिस’ म्हणून विकला जाणारा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. बॅगेचे पैसे वेगळे, तिथून बसचे वेगळे. रेल्वे स्टेशनं मात्र बहुतेक शहरांच्या पोटात असतात, त्यामुळे चार-पाच तासांपर्यंतच्या अंतराला ट्रेनच जिंकते.

आपल्या ग्रुपच्या यादीतून निघणारी एक चांगली रेघ अशी: अ‍ॅमस्टरडॅम, पॅरिस, इंटरलाकेन, फ्लॉरेन्स, रोम. उत्तरेकडून दक्षिणेकडे, कुठेही मागे वळायचं नाही. अ‍ॅमस्टरडॅम ते पॅरिस थेट ट्रेन साधारण तीन तास वीस मिनिटांची. पॅरिसहून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत तीन तास आणि तिथून इंटरलाकेन दोन तास. इंटरलाकेनहून मिलानमार्गे फ्लॉरेन्स, सहा तासांच्या आसपास. हा सगळ्यात लांबचा टप्पा, पण अर्धा रस्ता आल्प्समधून जातो, त्यामुळे कुणी तक्रार करत नाही. फ्लॉरेन्स ते रोम दीड तास.

प्राग आणि बार्सिलोना या रेघेवर येत नाहीत. ते सोडा. प्रागचा फारच आग्रह असेल तर रेघच दुसरी घ्या: बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. ही खिशालाही बरीच हलकी पडते आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा जाणाऱ्या तरुण ग्रुपसाठी मला तीच जास्त शहाणपणाची वाटते. पण यशराजच्या सिनेमांनी स्वित्झर्लंड आपल्या डोक्यात असं काही बसवलंय की ते वगळा म्हटलं की ग्रुप फुटतो.

रेघ ठरली की विमानाचं तिकीट जाऊन-येऊन एकाच शहराचं काढू नका. बुकिंग करताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडा: मुंबई ते अ‍ॅमस्टरडॅम आणि रोम ते मुंबई. अनेकदा भाड्यात फारसा फरक पडत नाही, आणि पडला तरी शेवटच्या दिवशी रोमहून अ‍ॅमस्टरडॅमला परत येण्याचा खर्च आणि अख्खा दिवस वाचतो.

आता हीच रेघ कॅलेंडरवर ठेवा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. शनिवारी पोहोचलात असं धरून वार लिहा. शनिवार-रविवार रात्री अ‍ॅमस्टरडॅम. सोमवार, मंगळवार, बुधवार पॅरिस. गुरुवार ते शनिवार इंटरलाकेन. रविवार-सोमवार फ्लॉरेन्स. मंगळवार ते गुरुवार रोम आणि शुक्रवारी परतीचं विमान. एकूण तेरा रात्री, हिशोब चोख.

पण लुव्र म्युझियम मंगळवारी बंद असतं. ठीक आहे, ते बुधवारी ठेवता येईल. फ्लॉरेन्समधली उफिझी गॅलरी आणि मायकलअँजेलोचा ‘डेव्हिड’ जिथे आहे ती अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. म्हणजे रविवारी संध्याकाळी पोहोचलात, सोमवारी सगळं बंद, मंगळवारी सकाळी गाडी पकडून रोम. ज्या दोन गोष्टींसाठी फ्लॉरेन्स घेतलं, त्याच हुकल्या.

उपाय सोपा आहे, फक्त तो तिकीट काढण्याआधी सुचायला हवा. रोमला जाणारी गाडी मंगळवारी सकाळऐवजी दुपारी तीन-चारची घ्या. बॅगा हॉटेलवर ठेवून सकाळीच अकादेमिया गाठा. दीड तासाचाच प्रवास असल्याने संध्याकाळचं जेवण रोममध्ये होतं. सोमवार फ्लॉरेन्सच्या गल्ल्या, पूल आणि नदीपलीकडच्या टेकडीवरच्या सूर्यास्तासाठी ठेवा. त्यासाठी कुठलंच तिकीट लागत नाही.

रोममध्येही एक मेख आहे. पोप शहरात असले की बुधवारी सकाळी व्हॅटिकनमध्ये त्यांची जाहीर भेट असते. त्या वेळी सेंट पीटर्स चौकात प्रचंड गर्दी असते आणि बॅसिलिकात सहसा दुपारपर्यंत जाता येत नाही. म्हणून बुधवारी कलोसियम, गुरुवारी व्हॅटिकन.

काही तिकिटांना स्वतःचं वेगळं वेळापत्रक असतं. अ‍ॅमस्टरडॅममधलं अ‍ॅन फ्रँकचं घर बघायचं असेल तर तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं आणि दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी विक्री खुली होते. दारावर जाऊन काही होत नाही. कलोसियमचं तिकीट नावावर असतं, त्यामुळे चौघांची नावं पासपोर्टप्रमाणे टाका आणि ओळखपत्र जवळ ठेवा. ग्रुपमधल्या एकाकडे फक्त हेच काम द्या, मोबाइलमध्ये अलार्म लावून.

डोंगरांच्या बाबतीत मात्र उलटं करा. युंगफ्राउयोख हे ३,४५४ मीटर उंचीवरचं स्टेशन, तिथलं तिकीट महाग आहे आणि ढग असले तर वर गेल्यावर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. इंटरलाकेनला दोन पूर्ण दिवस हाताशी आहेत. सकाळी उठून शिखरावरचा लाइव्ह वेबकॅम बघा आणि मग त्या दिवशी जायचं की दुसऱ्या, ते ठरवा.

व्हिसा: उतरता कुठे यापेक्षा राहता कुठे

अ‍ॅमस्टरडॅमला उतरतोय म्हणजे नेदरलँड्सचा व्हिसा, असा समज सर्रास आहे. नियम वेगळा आहे. शेंगेन गटात आता २९ देश आहेत. १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया आणि रोमानिया पूर्णपणे आत आले. या सगळ्यांसाठी एकच व्हिसा चालतो, पण अर्ज करायचा तो मुख्य मुक्काम असलेल्या देशाकडे, म्हणजे सहसा जिथे सर्वाधिक दिवस राहणार तिथे. मुख्य देश ठरवताच येत नसेल, तेव्हाच जिथून प्रवेश करणार तो देश. आपल्या रेघेत इटलीत पाच रात्री, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये तीन-तीन, नेदरलँड्समध्ये दोन. म्हणजे अर्ज इटलीचा. मार्ग आखतानाच एक देश स्पष्टपणे पुढे राहील असं बघा. दोन देश बरोबरीत आले की अर्ज कुणाकडे करायचा यावरून विनाकारण गोंधळ होतो.

‘अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो’ म्हणून खोटं वेळापत्रक जोडून अर्ज करणारे असतात. सीमेवरचा अधिकारी हॉटेलची बुकिंग मागू शकतो आणि व्हिसा ज्या कारणासाठी दिला ते खोटं निघालं तर तो रद्दही होऊ शकतो. चौघांच्या पैशांचा प्रश्न असताना हा जुगार खेळू नका.

बाकीचे नियम थोडक्यात. प्रौढांसाठी फी ९० युरो, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला. उन्हाळ्यातल्या तारखांसाठी खरी अडचण अपॉइंटमेंट मिळण्याची असते. मे महिन्यात जायचं तर जानेवारीत कागद तयार हवेत.

मित्रांच्या ग्रुपमध्ये विसरली जाणारी गोष्ट म्हणजे अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र असतो. मार्ग आणि हॉटेलं एक असली तरी बँक स्टेटमेंट, आयटीआर, रजेचं पत्र ज्याचं त्याचं, आणि निर्णयही ज्याचा त्याचा. एक पुण्यात, दुसरी बेंगळुरूत असेल तर अर्ज आपापल्या राहण्याच्या ठिकाणानुसार. अमेरिकेत नोकरी करणारा मित्र तिथूनच अर्ज करतो. कुणी पाच दिवसांनी थेट झ्युरिकला येऊन मिळणार असेल तर त्याचा मुख्य देश त्याच्या स्वतःच्या दिवसांवरून मोजा, तुमच्या नव्हे.

तिघांना मिळाला आणि चौथ्याला नाकारला, असंही होतं. तेव्हा काय करायचं हे आधीच बोलून ठेवा, कारण नंतर बोलणं फार अवघड जातं. चौघे तरी जायचं, तिघे तरी जायचं, की पुढे ढकलायचं? अपार्टमेंटचे चौथ्याच्या वाट्याचे पैसे कोण भरणार? व्हिसा हातात पडेपर्यंत मोफत रद्द होणारीच हॉटेलं घ्या आणि विमान तिकिटाच्या रद्द करण्याच्या अटी वाचूनच पैसे भरा, म्हणजे हा प्रश्न निदान पैशांचा तरी राहत नाही.

मध्येच लंडन घुसवायचा मोह झाला तर दोन गोष्टी लक्षात घ्या. ब्रिटनचा व्हिसा पूर्ण वेगळा आहे. आणि पॅरिसहून लंडनला जाऊन परत स्वित्झर्लंडला यायचं तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा लागतो.

विमान कुठे बदलतं, तेही बघा

फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे अ‍ॅमस्टरडॅमला जात असाल तर इमिग्रेशन अ‍ॅमस्टरडॅमला होत नाही, फ्रँकफर्टलाच होतं. शेंगेनमध्ये जिथे पहिलं पाऊल पडतं तिथे. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो नोंदवणारी नवी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे रांगा लांबू शकतात. अशा ठिकाणी तासाभराचं कनेक्शन घेऊ नका. दोहा, दुबई किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर शेंगेनची तपासणी थेट मुक्कामाच्या शहरात होते. नंतर देशांमधल्या ट्रेनमध्ये सहसा कुणी पासपोर्ट बघत नाही, पण जर्मनीसह काही देशांनी अंतर्गत सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली आहे, तेव्हा पासपोर्ट कायम जवळ हवा.

रेल्वे पास घ्यायचा का?

युरेल पास युरोपबाहेरच्यांसाठी असतो आणि २७ वर्षांपर्यंतच्यांना सवलत मिळते, म्हणून तो लगेच आकर्षक वाटतो. पण आपल्या रेघेवर अ‍ॅमस्टरडॅम–पॅरिस, पॅरिस–बाझेल, मिलान–फ्लॉरेन्स आणि फ्लॉरेन्स–रोम या वेगवान गाड्यांना पास असूनही सीटचे वेगळे पैसे भरावे लागतात, आणि काही गाड्यांत पासवाल्यांसाठी जागा मोजक्याच असतात. इथे आधीच काढलेली साधी तिकिटं सहसा स्वस्त पडतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नसते, त्यामुळे तिथे जास्त फिरणार असाल तर पासचा हिशोब नक्की करून बघा.

तिकीट काढताना स्टेशनचं नाव वाचा. पॅरिसला अ‍ॅमस्टरडॅमची गाडी गार द्यु नॉरला येते आणि बाझेलची गाडी सुटते गार द लियाँहून. दादरला उतरून एलटीटीची गाडी पकडण्यासारखंच आहे हे.

पैसे आणि भांडणं

इथे फार नियम नाहीत, पण जे आहेत ते निघण्याआधीचे आहेत. प्रत्येकाने एक ‘हे हवंच’ आणि एक ‘हे मला जमणार नाही’ सांगावं: रोज सकाळी सहाला उठणं, डॉर्ममध्ये आठ जणांत झोपणं, रोज बाहेर जेवणं. दिवसाच्या खर्चाचा आकडा ग्रुपवर लिहून टाका, कारण ‘चालेल रे, बघू’ म्हणणाऱ्यालाच तिसऱ्या दिवशी जेवणाचं बिल टोचतं. शेअर खर्च रोज रात्री अ‍ॅपमध्ये टाका. शाकाहारी मंडळी बरोबर असतील तर स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या, निदान स्वित्झर्लंडमध्ये तरी. तिथे सुपरमार्केटमधून सामान आणून रात्रीची खिचडी टाकली की बजेट सावरतं. आणि एखादी दुपार मुद्दाम वेगवेगळी फिरा. चौदा दिवस चोवीस तास एकत्र राहण्याची सवय कॉलेज संपल्यावर कुणालाच राहत नाही.

कार्ड मशीनने ‘युरोत की रुपयांत?’ असं विचारलं तर युरोच निवडा. रुपये निवडले की दुकानाच्या बाजूचा दर लागतो आणि तो महाग असतो. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक चालतो, त्यामुळे फक्त युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड तिथे वापरलं तर चलन बदलण्याचं शुल्क बसू शकतं. हॉटेलच्या भाड्यावर शहराचा पर्यटन कर वेगळा असतो. रोममध्ये तो माणशी, दर रात्रीचा आणि बऱ्याचदा हॉटेलवरच द्यावा लागतो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये भाड्याच्या टक्केवारीत.

बॅगेत चिवडा, चकल्या, शेंगदाण्याची चटणी खुशाल भरा. पण युरोपीय संघाबाहेरून येताना मांस, दूध आणि त्यापासून बनवलेले पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे. आईने निघताना हातात ठेवलेला पेढ्यांचा बॉक्स विमानतळावरच वाटून संपवा.